हिनोकुरा गडावरचं पाणी

हिनोकुराच्या गडावर आता फारसं काही उरलेलं नाही. गवताखाली बुजलेले खंदक, चार-दोन दगड आणि एक कोरडी विहीर. फार पूर्वी वेढ्यात शत्रूने पाणी तोडलं, तेव्हा वरच्या लोकांनी घोड्यांच्या पाठीवर पांढरे तांदूळ ओतले. लांबून बघणाऱ्याला वाटावं, पाण्याची चंगळ आहे, घोडे धुताहेत. मग तांदूळ टिपायला चिमण्या उतरल्या आणि बिंग फुटलं. गड तहानेनेच पडला.

म्हणून दर शरदात आमच्या गावातलं एक घर झऱ्याचं पाणी बांबूच्या नळकांड्यातून वर नेतं. नेणाऱ्याने वाटेत घोटही घ्यायचा नाही. सगळं पाणी त्या कोरड्या विहिरीत ओतायचं, गडावर तहानेने मेलेल्यांसाठी.

यंदा पाळी आमची होती. बांबू बाबांनी वसंतातच कापून ठेवला होता. उन्हाळ्यात ते गेले. शेवटी त्यांना गिळता येत नव्हतं, डॉक्टरांनी पाणी बंद केलं होतं. ते मागत राहिले आणि मी ओल्या कापसाने त्यांचे ओठ पुसत राहिले.

आता गडावर पाणी मला न्यायचं होतं.

"सुतकातल्या घराने न्यायचं नसतं, मिसुझू," झऱ्यापाशी गेन्साकूकाका म्हणाले. बाबांचे ते शाळेपासूनचे दोस्त. "रीत आहे."

"वर कोण बसलंय विटाळ मानायला? सगळे मेलेलेच," गावातल्या तात्सुएआजी म्हणाल्या. "आणि रीत तू शिकवू नकोस. तुझ्या पाळीला अर्ध्या वाटेत कोण प्यायलं होतं?"

"घाम पुसत होतो मी."

"जिभेने?"

लोक हसले. काका पुढे झाले आणि बांबूची दोरी माझ्या खांद्यावर नीट बसवून दिली.

चढ संपेस्तोवर घसा कोरडा पडला. मी विहिरीत पाणी ओतू लागले. नळकांड्याच्या तळाशी घोटभर राहिलं आणि हात थांबला. तेही विहिरीचंच होतं. सगळे माझ्याकडे बघत होते.

"अरे, ती घार बघा!" काका एकदम ओरडले. "तिकडे, दरीवर!"

सगळे वळले. काकाही माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. आकाशात काहीच नव्हतं.

"कुठाय रे?" आजींनी विचारलं.

"दिसेल. जरा दम धरा."

विहिरीजवळच्या एका दगडावर बाबा दर वर्षी टेकायचे. मी उरलेलं पाणी त्यावर ओतलं, अगदी बारीक धारेने.

"घ्या, बाबा," मी म्हणाले. "सावकाश."