रुखमाची हाक

धान चुरून मळणी आटोपली की जागेश्वरचा दुसरा धंदा सुरू व्हायचा. भंडाऱ्याच्या हौशी मंडळींना करडी गावापलीकडच्या जंगलात न्यायचं आणि कुंडनाल्याच्या घळीतून दिवसभर फिरवून आणायचं. दोन्ही बाजूंना उभे कडे, मधे पाणी, दगड आणि खोल खोल कुंडं. तो पुढे चालायचा, त्याची बायको रुखमा सगळ्यांच्या मागे. कोणाला धाप लागली, कोणाचा बूट फाटला, हे पाहणं तिचं काम. पंचवीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. लग्नात बायांनी दार अडवलं तेव्हा घेतलं असेल, तेवढंच. एरवी "अवो" म्हटलं की भागायचं.

त्या दिवशी चौदा जण होते. त्यात पितळी भांड्यांचे दुकानदार मधुकरराव आणि त्यांच्या मंडळी ललिताबाई. अहो पाणी द्या, अहो फोटो काढा, अहो हात धरा, बाईंचा सकाळपासून नुसता रतीब. बाकीच्या बायकाही काही कमी नव्हत्या. दहा वाजेस्तोवर तर पुरुषांनी मागे वळून पाहणंच सोडलं.

घळीत शिरताना जागेश्वरनं सगळ्यांना एक सांगून ठेवलं होतं. "जंगलात मागून कोणी नाव घेऊन बलावलं तं ओ द्याची नाही जी. माणूस असंन तं जवळ येऊन बोलंन. नाही तं थो चकवा." मंडळी हसली. जागेश्वर हसला नाही, कारण त्याच्या बापानं त्याला हे लहानपणापासून शिकवलं होतं आणि त्याचा त्यावर पक्का विश्वास होता.

दुपारी बाराच्या सुमारास तिसरं कुंड ओलांडून मंडळी वर चढली. पाण्याचा आवाज मोठा, त्यात अहो काय नि अवो काय, सारखंच. मागून "अवो" असं ऐकू आलं. चौघा पुरुषांनी ऐकलं आणि चौघांनाही वाटलं, दुसऱ्याची बायको असेल. जागेश्वरलाही तसंच वाटलं. पुन्हा "अवो" आलं, पुन्हा कोणी वळलं नाही.

मग हाक आली, "जागेश्वर." बाईचा आवाज, दोन्ही कड्यांवर आपटून आलेला. थोड्या वेळानं पुन्हा, "जागेश्वर."

त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. पाहुणे त्याला जागेश्वरभाऊ म्हणत. गावच्या बाया लेकीच्या नावानं टीनाचे बाबा म्हणत. आवाज रुखमाचा वाटला खरा, पण रुखमा जीभ तोडून देईल, नाव घेणार नाही. आपल्याच माणसाचा आवाज काढतो, तोच तर चकवा.

"मागं पाहू नोका," तो म्हणाला. "चला भराभरा." आणि त्या शहाण्यानं चौदा माणसांना अर्धा तास पळवलं.

जेवायला बसल्यावर त्यानं माणसं मोजली. चौदा भरली. रुखमा नव्हती. तसा तो आल्या वाटेनं उलटा धावत सुटला, मागोमाग मंडळीही.

ती तिसऱ्या कुंडाच्या काठाशी होती. पायाखालचा धोंडा गडगडला होता आणि तिची मांडी त्याच्याखाली सापडली होती. कंबरेपर्यंत गार पाणी. सात पुरुषांनी जोर लावला, धोंडा तसूभर हलला नाही. उचकटायला लोखंडी सब्बल पाहिजे होती आणि सब्बल गावात. पाहुण्यांतला हेमराज पळायला चपळ, तो निघाला. जायलाच सव्वा तास. मधुकरराव दगडावर चढून मोबाईल वर धरून उभे राहिले, रेंज काही येईना. ललिताबाईंनी ओढणी मांडीला आवळून बांधली, तरी पाणी लाल होतच राहिलं. मग करायला काही उरलं नाही. सगळे नुसते उभे.

जागेश्वर पाण्यात बसला आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं.

"रागावले का जी?" ती म्हणाली. "नाव घेतलं मी. अवो म्हणून लय बलावलं, कोणी पाहेच ना."

"मी आयकलं होतं, रुखमा," तो म्हणाला. त्याला रडू आवरेना. "दोन्ही खेपेले आयकलं. मले वाटलं, तू नाहीस."

ती त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग तिचे डोळे मिटायला लागले.

"झोपू नोको," तो तिचे गाल चोळत म्हणाला. "बोल माह्यासंग. नाव घे माह्यं. आणखी एक खेप घे."

तिनं ओल्या हातानं पदर डोक्यावर ओढला. भोवती उभ्या माणसांकडे एकदा पाहिलं.

"एवढ्या माणसाईत?" ती म्हणाली. "कसं घेऊ जी."

त्यानंतर ती बोलली नाही.

सब्बल साडेतीनला आली. धोंडा एका दमात सरकला. जागेश्वर मात्र तिचं डोकं मांडीवरून कोणाला उचलू देईना.