बाबांच्या नंबरची गाडी

कागदाची मोटरसायकल जळायला वेळ तो किती लागणार! दोआन जाऊन शंभर दिवस झाले त्या दिवशी, त्याला तिकडे पोचावी म्हणून अंगणात ती पेटवली, आणि बघता बघता चाकं गेली, सीट गेली, आरसे गेले. कामट्यांचा सांगाडा तेवढा थोडा वेळ उभा राहिला. नेमकी मागची नंबराची पाटी सगळ्यात शेवटी पेटली, म्हणून नूआजीला ती वाचता आली. नसती वाचली तर पुढचं काहीच झालं नसतं.

"अगं थोम, हा तर तुमच्या गाडीचाच नंबर!"

"मग दुसऱ्या कुणाचा घालणार?" दोआनची बायको थोम म्हणाली. "मीच सांगितला होता कागदवाल्याला. दोनदा म्हणून घेतला त्याच्याकडून."

नूआजीनं कपाळावर हात मारला. "कर्म माझं! अगं बाई, नाव माणसाचं खरं घालायचं, म्हणजे वस्तू त्याला पोचते. नंबर मनाला येईल तो. आता एका नंबराच्या दोन गाड्या कशा असतील? ती घरातली गाडी त्याची झाली की तिकडे!"

तांबड्या नदीच्या बांधाखालच्या त्या गावात कुणाच्या मयताला काय करावं आणि काय करू नये, हे नूआजीला विचारल्याशिवाय पान हलत नसे. म्हातारी वाईट नव्हती, पण जिभेला हाड नाही. बोलून मोकळी झाली, पानसुपारी तोंडात टाकली आणि घरी गेली. थोम मात्र राखेसमोर तशीच बसून राहिली. तिची पोरगी लुआ तिला उठवायला आली, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "त्या गाडीला आता हात लावू नकोस."

तिनं खरा नंबर का घातला, हे लुआला पक्कं ठाऊक होतं. दोआन गवंडी. रोज पहाटे थापी-ओळंब्याची पिशवी हँडलला अडकवून नाम दिन्ह शहरात कामाला जायचा. लुआ लहान असताना एकदा बाजारातल्या गाडीतळावरून तो दुसऱ्याचीच गाडी घेऊन आला. रंग तोच किरमिजी, बनावट तीच, आणि कुलूप इतकं झिजलेलं की किल्लीही बिनतक्रार बसली. सीटखाली अनोळखी बाईचा रेनकोट निघाला, तेव्हा घरात जो गोंधळ झाला तो काय सांगावा! चोर म्हणून धरतील ही भीती एकीकडे, आणि रेनकोट कुणाचा हा थोमचा प्रश्न दुसरीकडे. तेव्हापासून थोमला गाडीचा नंबर तोंडपाठ होता. तिकडे तरी त्यांना दुसऱ्याची गाडी मिळू नये, एवढंच त्या बिचारीच्या मनात होतं.

खरी गाडी पुढच्या खोलीत, बाबांच्या फोटोच्या चौरंगासमोर उभी असे. गावात सगळ्यांच्याच गाड्या रात्री घरात असतात, पण ही आता दिवसाही हलेना. थोमनं तिची किल्ली धूपदाणीजवळ नेऊन ठेवली. रोज सकाळी ओल्या फडक्यानं टाकी आणि आरसे पुसायची, आणि पुसताना पुटपुटायची, "तुमची गाडी नीट आहे हं."

नीट कुठली! लुआच्या जिवाला घोर लागला तो तिथेच. आईला गाडीचं वरचं अंग तेवढं दिसायचं. खाली हिवाळ्यातल्या त्या चिकट दमटपणानं चेन तांबूस पडत चालली होती, मागचं चाक बसलं होतं, कार्बुरेटरमध्ये पेट्रोल आंबत होतं. लुआ बाबांच्या हाताखाली हेच बघत मोठी झाली होती. दर रविवारी दोआन बिस्किटाचा पत्र्याचा डबा उघडायचा, त्यातले पाने फरशीवर मांडायचा आणि म्हणायचा, "ये गं, हिला न्हाऊमाखू घालू." चेनला बोटभर ढिलाई हवी, जास्त आवळली तर तुटते. ब्रेकचा नट एका वेळी अर्धा फेरा. प्लगचं टोक विटकरी रंगाचं दिसलं की इंजिन खूश. शाळेतलं लुआ पार विसरली, हे विसरली नाही.

आता संकट असं, की लुआ शहराजवळच्या शिवणकारखान्यात कामाला होती, आणि कारखान्याची बस गावाकडे यायची बंद झाली. या बाजूच्या बायका कमी उरल्या, आम्हाला परवडत नाही, म्हणाले. काही दिवस ती शेजारच्या पोरीच्या मागे बसून गेली. तिचंही लग्न ठरलं. बाबांच्या आजारपणात घरातलं होतं नव्हतं ते संपलेलं, दुसरी गाडी घेण्याचा प्रश्नच नव्हता. सोमवारपासून एक तर बाबांची गाडी, नाही तर कारखान्याच्या मागच्या खोल्यांमधली एक खाट. आणि खाट म्हणजे आई घरात एकटी. नवरा गेल्यानंतरचा पहिला हिवाळा, गुडघे असे की न्हाणीघरापर्यंत भिंत धरून जावं लागतं.

"आई, मी गाडी घेऊन गेले तर रोज रात्री घरी असेन," लुआ म्हणाली.

"ती त्यांची आहे."

"बाबांनी मला कधी नाही म्हटलंय?"

"तेव्हा त्यांना चालत जावं लागत नव्हतं," थोम म्हणाली. "तू इथे किल्ली फिरवलीस आणि तिकडे त्यांची गाडी रस्त्यात बंद पडली म्हणजे? ते छातीचं दुखणं घेऊन ढकलत जातील का?"

लुआला रागही आला आणि रडूही आलं. आई हट्टी असती तर भांडता आलं असतं. ती खरंच घाबरली होती.

शनिवारी लुआचा काका क्वेन आला तो कागदाची कोरी करकरीत स्कूटर खांद्यावर घेऊन. दोआनचा हा धाकटा भाऊ मोठा उत्साही माणूस. "वहिनी, तोडगा काढलाय! दादाला ही पाठवून देऊ. नवी आहे, गिअर नाहीत, किक नाही. आणि त्याला सांगू, बाबा रे, जुनी पोरीला दे."

थोमनं स्कूटरकडे पाहिलं, मग दिराकडे. "भावोजी, तुमच्या दादाला स्कूटर? सोफ्यावर बसून फिरणाऱ्यांची गाडी म्हणायचे ते हिला. जन्मात हात लावला नाही."

"अहो, तिकडे कोण बघतंय!"

"सगळे बघतात. सासूबाई आहेत तिकडे, सासरे आहेत."

"मग दोन्ही राहू देत. एक कामाला, एक मिरवायला."

"आणि दोन गाड्या ठेवायला जागा आहे का तिकडे? तुम्ही बघून आलात?"

क्वेन बिचारा चहा पिऊन गेला. स्कूटर कोपऱ्यात उभी राहिली. थोमनं ती जाळली नाही आणि टाकलीही नाही. एरवी दोघी मायलेकी यावर पोट धरून हसल्या असत्या. त्या संध्याकाळी लुआनं मुकाट्यानं पिशवी भरायला घेतली. दोन जोडी कपडे, गरम बंडी, जेवणाचा डबा. थोम दारात उभी राहून बघत होती. "जाड मोजे घेतलेस का?" असं तिनं विचारलं, आणि उत्तर न ऐकताच आत गेली.

रविवारी दुपारी लुआनं बिस्किटाचा डबा काढला.

"काय करतेस?" थोमनं विचारलं.

"बाबांची गाडी नीट करून जाते. मी चालवणार नाही, आई. पण त्यांची आहे म्हणतेस ना, मग अशी गंजकी का त्यांना? इथली बिघडली तर तिकडची चालेल कशी?"

थोमनं थोडा विचार केला. हे तिला पटलं. तिनं स्वतः उठून जुनी चटई आणून दिली.

लुआनं गाडी अंगणात ढकलत नेली. कार्बुरेटरच्या बुडाचा स्क्रू सैल केला तर पिवळंजर्द, उग्र वासाचं पेट्रोल ठिबकलं. टाकीतलंही सगळं ओतून काढलं. खालचा बोल्ट उघडला आणि काळंकुट्ट तेल तसराळ्यात उतरलं. ते बाबांनी घातलेलं शेवटचं तेल होतं. ते टाकून द्यायला तिचा हात होईना. पण तेल ते तेलच, ठेवून काय करणार? चेन रॉकेलनं धुतली, जुन्या टूथब्रशनं कडी न् कडी घासली. प्लग तारेच्या ब्रशनं साफ केला. हवा भरली. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरानं भाताचा पेंढा भरून ठेवला होता, तो उपसला. बांधावरच्या दुकानातून आणलेलं नवं तेल आणि बाटलीभर पेट्रोल घातलं. थोम उंबऱ्यावर बसून सगळं बघत होती. मधेच म्हणाली, "ते अर्धा फेराच फिरवायचे." लुआ म्हणाली, "अर्धाच फिरवतेय." मग थोम आत भाताला लागली.

बॅटरी पार बसलेली होती. तरी किकवर चालू होईल हे लुआला माहीत होतं. थोमनं स्वतःच्या हातानं किल्ली आणून खाचेत घातली आणि पुन्हा चुलीकडे गेली. लुआनं चोक ओढला. एक किक, दोन, तीन. नुसतं खोकली. लुआनं घाम पुसला, बाबा थांबायचे तशी जरा थांबली आणि मग सगळं अंग टाकून एक किक मारली.

गाडी सुरू झाली. आधी अडखळत, मग तो ओळखीचा एकसारखा आवाज अंगणभर झाला.

आतून थोम धावत आली. त्या गुडघ्यांनी, भिंत न धरता, हातात भाताचा कालथा तसाच. दारात येऊन ती थबकली. तिच्या तोंडावर जो आनंद आला होता तो लुआनं पाहिला, आणि तो कसा मावळला तेही पाहिलं. लुआनं झटकन किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"बंद कशाला केलंस?" थोम म्हणाली आणि उंबऱ्यावर बसून हुंदके देऊन रडायला लागली. शंभराव्या दिवसानंतर रडायचं नसतं, म्हणून इतके दिवस तिनं दाबून धरलं होतं. लुआ तेलकट हातांनी तिच्याजवळ बसली. आईला धरावं तर तिची बंडी खराब होईल, म्हणून नुसती खांद्याला खांदा लावून बसली. आणि मग तीही रडली.

बऱ्याच वेळानं थोमनं डोळे पुसले. "आपण त्यांनाच विचारू," ती म्हणाली.

तिनं चौरंगावर उदबत्त्या लावल्या, बशी घेतली आणि दोन जुनी नाणी काढली. एका बाजूला चुना फासलेली. असं विचारायची रीत सगळ्या गावाची. एक पांढरं एक काळं पडलं तर हो. दोन्ही काळी, तर नाही. दोन्ही पांढरी पडली तर गेलेला माणूस हसतोय. आणि तिसऱ्यांदा जे पडेल ते शेवटचं.

"अहो," थोम फोटोला म्हणाली, "पोरगी कामाला जायला तुमची गाडी मागतेय. रोज संध्याकाळी आणून लावेल. द्याल का?"

नाणी बशीत खणखणली. दोन्ही काळी.

असल्या गोष्टींवर आपला विश्वास नाही, असं लुआ कारखान्यात मैत्रिणींना सांगत असे. आता बशीकडे बघवेना.

"नीट ऐका तरी," थोम म्हणाली. "गाडी नाही दिलीत तर पोरगी कारखान्यातच राहील. मी इथे एकटी." नाणी पडली. दोन्ही पांढरी.

"हसताय काय? हसण्यासारखं काय आहे यात?" थोमचा आवाज चढला. तिनं नाणी उचलली, दोन्ही तळव्यांत धरून कपाळाला लावली आणि हलकेच सोडली. एक नाणं गिरक्या घेत कडेला गेलं, दुसऱ्याला टेकून आडवं झालं.

दोन्ही काळी.

लुआनं बशी उचलली. "जाऊ दे, आई. माझी पिशवी भरलेली आहे. दर रविवारी येईन मी. बाबा नाही म्हणतात तर—"

"थांब."

थोम भिंत धरून उठली आणि फोटोसमोर उभी राहिली. लग्न झाल्यापासून तिनं नवऱ्याचा शब्द खाली पडू दिला नव्हता. कुरकुर करायची, भांडी आपटायची, पण करायची ते त्याच्या मनासारखंच.

"नाही म्हणालात ना? ऐकलं मी," ती म्हणाली. "आता तुम्ही माझं ऐका. पोरगी गाडी नेणार. मी देतेय तिला. तिचा काही दोष नाही, तिच्या वाटेला जायचं नाही, तिला स्वप्नात येऊन बोलायचं नाही. बोलायचं ते मला बोला. मी आले तिकडे की काय भांडायचं ते भांडू."

"आई, अगं बाबा रागावतील," लुआ कशीबशी म्हणाली.

"रागावू देत. तुला नाही रागावणार." थोमनं पदर नव्हता म्हणून बाहीनंच नाक पुसलं, आणि पुन्हा फोटोकडे बघून, पण आता अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "आणि तिकडे मला मागे बसवलं नाहीत तरी चालेल हं. मी येईन चालत."

मग एक हात भिंतीला आणि एक गुडघ्याला टेकत ती अंगणात गेली, गाडीची किल्ली काढली आणि लुआच्या तेलकट हातात ठेवली.