आलेले, तपासलेले, बाद

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत तिला अकरा वर्षं झाली होती, आणि तिथला एक नियम तिच्या पुरता अंगवळणी पडला होता. अहवालावर तीन आकडे असल्याशिवाय सही करायची नाही: आलेले नमुने, तपासलेले नमुने, बाद नमुने. पहिला आकडा नसेल तर बाकीचे कितीही देखणे असोत, कागद परत.

म्हणून शिक्षण कार्यालयाबाहेर लागलेल्या आठवीच्या निकालांचा फोटो जाऊबाईंनी तिच्यासमोर धरला, तेव्हा तिचा चेहरा काही खुलला नाही.

"बघ. टाकीजवळची शाळा, अठ्ठ्याण्णव टक्के. पुलापलीकडची, एक्याऐंशी. दोन्ही सरकारीच, दोन्ही घरापासून सारख्याच लांब. आता आणखी काय बघायचंय?"

"अठ्ठ्याण्णव टक्के, पण किती मुलांचे?"

"तुला भाजी निवडायला दिली ना, तर तू आधी देठ मोजशील!" जाऊबाईंनी कपाळावर हात मारला. "शुक्रवारी पाचला मुदत संपते. सहावीच्या प्रवेशाच्या अर्जावर एकाच शाळेचं नाव लिहायचंय. लिही आणि मोकळी हो."

पण प्रश्न मुंगीचा होता. तिच्या लेकीचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतंच उरलं होतं. घरी ती मुंगी, कारण प्रत्येक गोष्ट दोनदा तपासल्याशिवाय ती पुढे सरकायची नाही. गणितं केली तेवढी सगळी बरोबर, फक्त दहापैकी सहाच व्हायची. "पोर हुशार आहे," पाचवीच्या बाई म्हणाल्या होत्या, "पण तिच्यासाठी थांबणारं कुणी हवं." थांबणारी शाळा कोणती, हे फोटोत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

गुरुवारी तिनं रजा टाकली आणि मुंगीला घेऊन निघाली.

टाकीजवळच्या शाळेची फरशी आरशासारखी होती. विज्ञानाच्या खोलीत परीक्षानळ्या उंचीप्रमाणे मांडलेल्या, एकीवरही डाग नाही.

"यंदा किती फुटल्या?" तिनं विचारलं.

"एकही नाही!" मुख्याध्यापिका अभिमानानं म्हणाल्या.

ती स्वतः महिन्याला दोन-तीन तरी फोडायची, त्याही सवयीच्या हातांनी. कार्यालयात जाऊन कारकुनाला तिनं सहावीचा जुना पट विचारला.

"असं कुणी विचारत नाही, मॅडम," म्हणत त्यानं वही उघडली. सहावीत चौसष्ट मुलं आली होती. आठवीच्या परीक्षेला बसली पंचेचाळीस. पास चव्वेचाळीस.

"मधली एकोणीस?"

"दाखले घेऊन गेली." त्यानं आवाज खाली आणला. "ज्यांना झेपत नाही, त्यांच्या आईवडलांना सातवीतच समजावतात. मुलांच्या भल्यासाठीच हो."

मुंगी तेवढ्यात भिंतीवरची वेळ वहीत उतरवत होती. पुन्हा एकदा घड्याळाकडे बघून तिनं ती पक्की केली.

पुलापलीकडच्या शाळेत एका तावदानाच्या जागी पुठ्ठा होता. वाचनालयाला कुलूप, किल्ली शिपायाकडे आणि शिपाई रजेवर. तिनं तेही टिपून घेतलं. विज्ञानाच्या खोलीत मात्र टेबलांवर जळाल्याचे गोल डाग होते आणि खिळ्याला एक वही टांगलेली होती.

"फुटक्या काचेची वही," विज्ञानाचे सर म्हणाले. "फोडली तर शिक्षा नाही. कशी फुटली ते मात्र स्वतः लिहायचं."

यंदाच्या एकतीस नोंदी होत्या, मुलांच्याच अक्षरात. "गरम नळी गार पाण्यात घातली." "हात ओला होता." "मैत्रिणीनं हसवलं." ती उभ्या उभ्या सगळ्या वाचून गेली आणि दोनदा खुदकन हसली.

सरांनी मुंगीच्या हातात तापमापी दिली. "बाटलीतलं पाणी किती गरम आहे, सांग बरं."

मुंगीनं बघितलं. बाटली फिरवून पुन्हा बघितलं. बाहेर घंटा झाली, तरी सर खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभेच राहिले.

"सव्वीस," मुंगी अखेर म्हणाली. "आणि अर्ध्याला किंचित कमी."

"किंचित म्हणजे?"

"एक बारीक रेघ."

"लिही फळ्यावर," सर म्हणाले, आणि मग मुंगीच्या आईकडे वळले. "बोला ताई, तुम्हाला काय हवंय?"

"पट हवाय. आणि वाचनालय कधी उघडणार तेही."

सरांनी कान खाजवला. "सोमवारी. माझा शब्द."

शुक्रवारी साडेतीन वाजता तिनं जेवणाच्या टेबलावर जाऊबाईंसमोर दोन्ही शाळांच्या आकड्यांचा कागद ठेवला.

"पुलापलीकडे सहावीत बावन्न मुलं आली. तिघं आईवडलांच्या बदलीमुळे गेली, एकोणपन्नास राहिली. त्यांतली चव्वेचाळीस पास."

"टाकीजवळही चव्वेचाळीसच की!"

"चौसष्टांतली."

जाऊबाईंनी कागद जवळ ओढला. मग बोट कागदावर टेकवून म्हणाल्या, "मग हे एक्याऐंशी टक्के कुठून आले?"

"अठरा मुलं मधेच आली, दुसरीकडून काढलेली. त्यांतली अकरा टाकीजवळची. अठरांपैकी दहा पास झाली, म्हणून यांचा निकाल खाली आला."

"म्हणजे त्यांनी बाद करायची आणि यांनी सांभाळायची?" जाऊबाईंनी फोटोवर पुन्हा एक नजर टाकली. "आणि फलकावर शाबासकी त्यांना! मला वाटलं, तू उगाच कीस काढतेस." त्यांनी फोन पालथा ठेवला. "मोजलेस बाई देठ एकदाचे. लिही आता, पावणेचार झाले."

तिनं पुलापलीकडच्या शाळेचं नाव स्वच्छ अक्षरात लिहिलं. चार वीसला अर्ज खिडकीतून आत गेला. "निकाल बघितलात ना, ताई?" आतल्या बाईनं काळजीनं विचारलं.

"तिन्ही आकडे बघितले," ती म्हणाली.

शाळा सुरू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मुंगी धापा टाकत घरी आली. दप्तर अजून पाठीवरच होतं.

"आई, नळी फुटली माझ्याकडून!"

"कशी?"

"बूच उलटं दाबलं. दोनदा तपासलं होतं, तरी. वहीत लिहिलं मी."

"कितवी नोंद?"

"पहिली! नव्या वर्षाचं पान मीच उघडलं."

"वा," ती म्हणाली आणि तिच्या पाठीवरचं दप्तर उतरवून घेतलं. "आता बूच कसं दाबायचं, ते दाखव मला."