कायम की पाहुणी

"ताई, हे घर तुझंच आहे, येऊन राहा," असं धाकटा भाऊ फोनवर म्हणाला आणि ताईने ते खरं मानलं. पन्नाशी उलटलेली बाई, आयुष्यभर रस्त्यावरच्या नाना तऱ्हांच्या लोकांना पुरून उरलेली, पण भाऊ दोन गोड शब्द बोलला की तिची अक्कल गहाण पडायची. आई बाथरूममध्ये घसरून पडली होती, मांडीचं हाड मोडलं होतं, आणि धाकटा नि त्याची बायको दोघंही नोकरीवर जाणारे. ताईला मागेपुढे कुणी नव्हतं. नवरा कधीच गेला होता. ती तेव्हा दुसऱ्या राज्यात होती; तिथली शाळेची बस चालवायची नोकरी तिने सोडली, भांडीकुंडी शेजारणींना वाटून टाकली आणि दोन बॅगा घेऊन या राज्यात आली.

तेव्हापासून आईला उठवणं, पुसणं, वॉकर धरून खिडकीपर्यंत चालवणं, चौघांचा स्वयंपाक, मशीनचे कपडे, सगळं तिच्या अंगावर पडलं. तिची तक्रार नव्हती. आपल्या घरात माणूस काम करतोच, असं ती म्हणायची. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. हॉस्पिटलातून उचलून वर आणल्यापासून आईने खालचा रस्ता पाहिला नव्हता. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत तेवढी दिसायची आणि आई त्या भिंतीला रोज शिव्या द्यायची.

अशात जवळच्या शाळेला बस चालवायला माणूस हवं असल्याचं ताईला कळलं. शाळेच्या गाड्यांचे सुपरवायझर तिला आधी वरपासून खालपर्यंत न्याहाळून बघत राहिले. मग तिने ती लांबलचक बस एका दमात मागे घेऊन शेडमध्ये लावली, तसा त्यांचा नूरच बदलला.

"बाई, गाडी तुमची," ते म्हणाले. "पण लायसन या राज्याचं लागेल. शाळा उघडायच्या आत करून आणा, नाहीतर मला दुसरं माणूस घ्यावं लागेल. आणि शेडमागे ड्रायव्हरसाठी दोन खोल्या आहेत. हव्यात का?"

"नको हो. घर आहे की माझं," ताई तोऱ्यात म्हणाली.

त्या दिवशी ती जिने गाणं म्हणत चढली. भावाच्या स्वयंपाकघरात ती कुणाची तरी बहीण होती, कुणाची तरी लेक होती. स्टिअरिंगमागे बसली की ती फक्त ती असायची. चाळीस पोरं पाठीमागे कल्ला करताहेत आणि आपल्या दोन हातांवर सगळ्यांचा भरवसा आहे, या गोष्टीची तिला भूक लागली होती. कुणी विचारलं असतं तर तिने सरळ सांगितलं असतं, की ही नोकरी मिळाली नाही तर मी या घरात गंजून जाईन.

घोडं अडलं ते लायसन ऑफिसात. खिडकीपलीकडे जाड चष्म्याच्या बाई बसलेल्या. त्यांनी ताईचं जुनं लायसन पाहिलं, डोळे तपासले, फोटो काढला आणि विचारलं, "तुम्ही इथे राहता याचा कागद?"

वीजबिल भावाच्या नावावर. पाण्याचं बिल भावाच्या नावावर. गॅस, फोन, घरपट्टी, सगळं भावाच्या नावावर. ताई तिथून तरातरा बँकेत गेली, तर बँकवाला म्हणाला, खातं उघडायला इथल्या पत्त्याचं लायसन आणा. लायसनसाठी बँकेचा कागद आणि बँकेसाठी लायसन! ताईच्या अंगाची लाही लाही झाली. रोज इथला केर काढते, रोज इथला कचरा खाली नेऊन टाकते, आणि सरकारच्या लेखी मी इथे नाहीच?

ती परत खिडकीशी आली तेव्हा चष्म्याच्या बाईच म्हणाल्या, "अहो, सोपं आहे. घरमालकाला घेऊन या. माझ्यासमोर लिहून देतील की तुम्ही तिथे राहता. झालं."

"मग काय, माझा भाऊच आहे!" ताई म्हणाली.

आणि इथून पुढे त्या भावाने जे आढेवेढे घेतले, ते पाहून दगडालाही राग आला असता. आज ऑफिसात मीटिंग आहे. आज डोकं दुखतंय. आज साहेब यायचेत. उद्या नक्की, ताई. शाळा उघडायचा दिवस जवळ येत चालला आणि याच्या सबबी काही संपेनात. ताईने मनातल्या मनात सगळं खापर भावजयीवर फोडलं. बायकोनेच कान भरले असणार, नाहीतर माझा भाऊ असा नाही. रात्री जेवण वाढताना ती भावजयीच्या ताटात वाडगा जरा आपटूनच ठेवायला लागली. भावजय बिचारी दिवसभर दुकानाच्या काउंटरवर उभी राहून आलेली. तिला काहीच कळेना.

शेवटी एका सकाळी ताई गाडीची किल्ली घेऊन दारातच उभी राहिली. "चल. आत्ता."

खिडकीशी बाईंनी धाकट्यापुढे फॉर्म सरकवला. त्यात दोन चौकोन होते. एकापुढे 'कायम राहतात', दुसऱ्यापुढे 'पाहुणे म्हणून आले आहेत'. धाकट्याने पेन उघडलं. एकदा ताईकडे पाहिलं, एकदा फॉर्मकडे. मग हाताचा आडोसा करून खूण केली, सही ठोकली आणि कागद उलटा करून आत ढकलला. शाळेतली पोरं कॉपी करताना करतात, अगदी तसं.

चष्म्याच्या बाईंनी कागद सुलटा केला. "पाहुण्या आहेत? मग लायसन कसं देणार? पाहुण्यांनी आपापल्या राज्याचं वापरायचं." आणि त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

ताई बाहेर आली. गाडीत बसली, चावी फिरवली, आणि मग मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पाहुणी?"

"ताई, समजून घे ना. ऑफिसातले एकजण म्हणाले, कायम असं लिहून दिलं की उद्या घरावर हक्क लागतो. मला वाटलं, दोन्हीतलं काहीही लिहिलं तरी लायसन मिळेल."

"मी तुझं घर मागितलं? कधी? आईची गादी बदलताना मागितलं का तुझे मोजे धुताना?"

"तसं नाही गं. पण कागद तो कागद."

"वहिनीने सांगितलं तुला?"

"तिला कुठे माहितीये," धाकटा खिडकीबाहेर बघत म्हणाला.

हे तिला जास्त लागलं. एवढे दिवस ज्या बाईच्या ताटात ती वाडगा आपटत होती, तिचा यात काडीचा संबंध नव्हता. हे विष याचं स्वतःचं होतं, आणि ते गोड आवाजात बोलत होतं.

घरी येताच ताई आधी आईजवळ गेली. आईचे हाल तिला बघवणार नव्हते, म्हणून तिने सगळं सांगून, कामाला हात न लावता बसायची आईचीच परवानगी घेतली. आईने ऐकून घेतलं, त्या समोरच्या भिंतीकडे बघून एक सणसणीत शिवी घातली आणि म्हणाली, "बस तू खुशाल. त्याला मी बघते."

मग ताईने बाहेर जायचे कपडे घातले, केस नीट बांधले, बॅग सोफ्याशेजारी ठेवली आणि पायावर पाय टाकून बसली.

"पाणी मिळेल का?" तिने धाकट्याला विचारलं.

त्याला वाटलं, थट्टा आहे. त्याने हसत पाणी आणून दिलं. "चहाही चालेल," ताई म्हणाली. "साखर कमी. तुमचा पंखा फार आवाज करतो हो, तेल घाला एकदा."

दुपारी स्वयंपाकघरात चूल थंड होती. धाकटा डबे उघडून बघत राहिला, कशात काय आहे ते त्याला सापडेना. तेवढ्यात आतून आईची हाक आली, "बाळा, भांडं आण!"

धाकट्याने ताईकडे पाहिलं. ताईने मासिकाचं पान उलटलं. "पाहुण्यांना कामं सांगू नयेत," ती म्हणाली.

"ताई, अगं, मला नाही जमत ते."

"भांडं!" आई ओरडली. "गादी भिजली तर गादीही तूच धुशील!"

गेला. नाक मुरडत गेला, पांढरा पडून परत आला, आणि मोरीत बराच वेळ हात धूत उभा राहिला. आईने त्या दिवशी त्याला मुळीच सोडलं नाही. उशी उंच कर, खाली कर, पाय दाब, औषध दे, हे नाही ते दे, आणि पुन्हा भांडं. ताई आईच्या उशाशी खुर्ची टाकून गप्पा मारत बसली. किती दिवसांत दोघी अशा निवांत बोलल्या नव्हत्या. काम करता करता बोलणं निराळं.

संध्याकाळी भावजय आली. ओट्यावर पसारा, नवरा घामाघूम, ताई सोफ्यावर. तिला सगळं कळलं तेव्हा तिने पर्स टेबलावर आदळली.

"पाहुण्या? अहो, मी रोज सकाळी घराबाहेर पडते ती कुणाच्या जिवावर? पाहुण्यांच्या? लाज वाटायला हवी होती तुम्हाला!"

ताईला उठून तिला जवळ घ्यावंसं वाटलं. तिने नुसतं म्हटलं, "वहिनी, माझंही चुकलं. मी तुम्हालाच दोषी धरून चालले होते." भावजयीने मान हलवली आणि ताईसाठीही ताट घेतलं.

दुसऱ्या दिवशीही पाहुणीने कामाला हात लावला नाही; संध्याकाळी तेवढी तासभर बाहेर जाऊन आली. धाकट्याने आणखी एक रजा टाकली. तिसऱ्या सकाळी, आईचं भांडं रिकामं करून आल्या आल्या, तो म्हणाला, "चल ताई. लिहून देतो. कायम म्हणून."

या खेपेला त्याने हाताचा आडोसा केला नाही. चष्म्याच्या बाईंनी कागद वाचला, शिक्का मारला, आणि थोड्या वेळाने खिडकीतून नवंकोरं कार्ड बाहेर आलं. ताईने ते दोन्ही हातांनी घेतलं, फोटो बघितला, पत्ता वाचला. धाकटा मोठ्या मनाने हसला. "झालं ना? गेला राग?"

ताई खिडकीकडे वाकली. "बाई, उद्या पत्ता बदलला तर पुन्हा यांना आणावं लागेल का?"

"छे. आता इथलं लायसन आहे तुमच्याकडे. नव्या जागेचा कागद तुमच्या नावावर होईल. एकट्या आलात तरी चालेल."

"नवी जागा?" धाकट्याने विचारलं.

"शाळेच्या शेडमागे दोन खोल्या आहेत. तळमजल्यावर. सुपरवायझरना हो म्हणून सांगितलंय मी."

"अगं, पण आत्ताच तर लिहून दिलं मी!"

"पहिल्यांदा लिहिलंस ते मनातलं होतं. आज लिहिलंस ते भांडं उचलायला नको म्हणून." तिचा आवाज चढला, रांगेतले लोक बघायला लागले, बघेनात का. "राग गेला का विचारतोस? नाही गेला. जाणारही नाही इतक्यात."

धाकट्याचं तोंड उतरलं. आणि मग त्याने जे विचारलं, ते तो विचारणार हे तिला ठाऊक होतं. तरी तो आधी दुसरं काही विचारेल, अशी एक वेडी आशा तिला होती.

"मग आईचं कोण करणार?"

"आईला विचारलंय मी," ताई म्हणाली. "ती म्हणाली, खोलीची खिडकी रस्त्याकडे आहे का, तेवढं बघून घे."

तिने गाडीची किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

"आहे. बघून आले मी. आता गाडी तू ने. मी इथून शाळेत जाते."