शब्द न शब्द

मी प्रभावतीचा शाईचा पेन. शाई पुरती वाळण्याआधी बोलून घेतो.

प्रभावती समाजकार्य शिकायला निघाली, तेव्हा तिच्या वडिलांनी, नागोरावांनी, मला यवतमाळच्या बाजारातून आणलं. माझी निब जाड, चाल संथ. "जमते का पाह्य," एवढंच ते म्हणाले.

पुढे ती राळेगावच्या एका संस्थेत लागली. वर्षामागून वर्ष कपाशी हातची जात होती, गावं आतून खचली होती. ज्या घरातलं माणूस गेलं, तिथल्या बाया मन मोकळं करायला संस्थेत येत. प्रभावती ऐकायची, टिपून घ्यायची. त्यांचं बोलणं पुढे धावायचं, मी मागे पडायचो. मग ती मान वर करायची. "थांब माय. मंग काय झालं?" बाई थांबायची, मला कागदावर चालताना बघत राहायची, आणि त्या थांबण्यातच कुणाला न सांगितलेलं सांगून टाकायची. माझ्या मंदपणाचा असा उपयोग होता.

वरच्यांना टिपणं लवकर हवी झाली. कॉम्प्युटर आला. प्रभावतीची बोटं भराभर चालू लागली आणि मी टेबलावरच्या पेल्यात उभा राहिलो.

चंदाबाई आली, ते मी तिथूनच पाहिलं. तिचा नवरा आदल्या साली गेला होता. ती अगदी शांत बोलत होती.

"पोरगी बहिणीपाशी ठेवली. बकऱ्या शेजारणीले देऊन टाकल्या. आता कायचीच चिंता नाही राह्यली, ताई."

प्रभावतीची नजर पडद्यावर. एक अक्षर सुटलं नाही.

"बरं झालं बाई. ये आता."

अगं, वर पाहा, विचार तिला, काहून देऊन टाकल्या! पण पेनाचा आवाज कुणाला येतो?

त्याच आठवड्यात बातमी आली. चंदाबाईनं जीव दिला होता.

प्रभावतीनं टिपण उघडलं. वाचता वाचता तिचा हात तोंडावर गेला. "हे म्याच लिवलं? मले तर आयकूच नाही आलं!"

संस्थेचे नंदकिशोरजी म्हणाले, "ताई, शब्द न शब्द आहे यात. तुमची काय चूक?"

ते ऐकून ती जास्तच रडली.

तिनं काम सोडलं. मला सोबत घरी आणलं. अधूनमधून टोपण काढते, निब कागदाला टेकवते, पण ओळ उमटत नाही. कुणाशी बोलतही नाही.

मला धुऊन पुन्हा भरा, असं मी म्हणणार नाही. कुणीतरी तिच्याजवळ जाऊन बसा. ती बोलायला लागली, तर काहीसुद्धा लिहू नका.