केझियाची साक्षीदार

फिलाडेल्फियाच्या निम्म्या गोऱ्यांच्या पोटात केझियाचा रस्सा गेला होता. तिचा चेहरा मात्र त्यांच्यातल्या एकालाही आठवत नव्हता. एनॉकला हे कळलं, ते तिला पळवून नेल्याला चार वर्षं होत आली तेव्हा.

केझिया त्याची बायको. जन्मापासून स्वतंत्र, कुणाची गुलाम नव्हे. बाजाराच्या कोपऱ्यावर भलं मोठं भांडं मांडून ती बैलाचे पाय आणि वजडी घातलेला झणझणीत रस्सा विकायची. एका सकाळी कुठल्याशा कप्तानानं खलाशांसाठी अख्खं भांडं जहाजावर मागवलं. ती ते घेऊन वर चढली आणि जहाजानं नांगर उचलला. एनॉक धावत धक्क्यावर पोचला तेव्हा नदीच्या वळणावर फक्त शिडं दिसत होती. दक्षिणेकडे काळा माणूस म्हणजे चालताबोलता पैसा. तो स्वतंत्र आहे की गुलाम, हे विचारायची फुरसत कुणाला?

एनॉकचं तळघरात कालवं भाजून विकायचं दुकान होतं. दिवस तिथे कसाबसा जायचा. घरी आला की दार उघडायच्या आधी तो थबकायचा, आतून मिरीचा वास येतोय का बघायचा. तो कधीच येत नसे, तरी रोज तो थबकायचाच. एकदा त्यानं स्वतःच रस्सा करून पाहिला. पाय मऊ शिजले होते, तिखटही बरोबर होतं, पण पहिला घोट घेतला आणि वाडगा खाली ठेवून दिला. तिच्या हातची चव नव्हती, आणि तो हात कुठे होता कोण जाणे.

मग एक खलाशी निरोप घेऊन आला. मिसिसिपीकाठच्या एका कापसाच्या मळ्यावर एक बाई सांगते, मी फिलाडेल्फियाची केझिया, कालववाल्या एनॉकची बायको. तिथला एक न्यायाधीश तिचं ऐकायला तयार झालाय. अट एकच. तिथल्या कोर्टात काळ्याची साक्ष चालत नाही, तेव्हा कुणीतरी गोऱ्यानं येऊन हा चेहरा आपण ओळखतो असं सांगायला हवं. एनॉक स्वतः गेला असता तर त्यालाही पकडून विकलं असतं.

तो गिऱ्हाइकांची दारं ठोठावत फिरला.

"तो रस्सा? अहाहा!" टोप्या विकणारा दुकानदार म्हणाला. "पण ती बाई... जाडी होती ना?"

"नाही, साहेब."

"मग बुटकी असेल."

दुसऱ्या घरची बाई म्हणाली, "डोक्याला लाल फडकं बांधायची, तीच ना?"

"सगळ्याच बांधतात, बाईसाहेब."

रविवारी चर्चमध्ये डॉर्कसमावशीनं त्याला चांगलंच फैलावर घेतलं. "अरे खुळ्या, जेवणारा कधी वाढणारीच्या तोंडाकडे बघतो होय? तोंडाकडे बघतं ते भांडणारं माणूस. त्या गोऱ्या आयरिश होनोराला विचारलंस का?"

होनोरा त्याच कोपऱ्यावर सफरचंदं विकायची. केझियाची आणि तिची सावलीच्या जागेवरून रोज सकाळी जुंपायची. बाजाराला ती फुकटची करमणूक होती.

"ती?" होनोरा फिस्कारली. "माझ्या सफरचंदांना वजडीचा वास लावणारी भवानी! तिच्यासाठी मी समुद्र ओलांडू?"

"होनोराबाई, तिचा चेहरा आठवतो का, एवढंच सांगा."

"आठवतो का म्हणे! डाव्या भुवईत तीळ. संतापली की खालचा ओठ आत ओढायची. आणि हसू दाबायला लागली की उजवा डोळा आधी बारीक व्हायचा मेलीचा." होनोरा सफरचंद पुसता पुसता थांबली. "माझा नवरा गेला तेव्हा आठवडाभर मी आले नव्हते. तिनं माझ्या जागेवर कुणाला बसू दिलं नाही. परत आले, तर पहिल्याच दिवशी भांडली माझ्याशी. घरी जाऊन मी पोटभर जेवले त्या दिवशी." तिनं नाक ओढलं. "जहाज कधी सुटतं रे?"

वसंत ऋतूत जहाज परतलं. सगळं चर्च धक्क्यावर लोटलं होतं. एनॉकनं नवा सदरा घातला होता. आधी होनोरा उतरली. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. तिच्या मागून एक बाई उतरली, आणि बाईच्या मागे वेताची काठी घेतलेला मळेवाल्याचा माणूस.

ती केझिया नव्हती.

"जजला या सफरचंदवालीचं पटलं, आमच्या मालकांना नाही," काठीवाला म्हणाला. "कोर्टात चालो न चालो, नवऱ्यानं ओळखलं नाही तर हिला परत न्यायचं, असं ठरलंय. नवरा कोण?"

होनोरानं एनॉकचं कोपर घट्ट धरलं. "तिथे मी बघितलं रे हिच्याकडे," ती पुटपुटली. "ही ती नव्हे. पण नाही म्हटलं असतं तर हिची चामडी सोलली असती त्यांनी. तोंडातून हो निघून गेलं."

"मग माझी केझिया कुठे?"



ती परकी बाई त्याच्याकडे बघत होती. "एनॉक," ती म्हणाली, "कालवं उघडताना अजून शीळ घालतोस का? आणि अजून तशीच बेसूर?"

आवाज दुसरीचा होता, शब्द केझियाचे होते. म्हणजे या दोघी एकाच साखळीला बांधलेल्या होत्या. त्याच्या शिळेची टिंगल केझिया तिथेही करत होती! त्याला या बाईला गदागदा हलवून विचारायचं होतं, ती कुठे आहे, कशी आहे. पण नाही म्हटलं तर ही जाणार. आणि हो म्हटलं तर सगळ्या जगापुरती केझिया सापडली. सापडलेल्या माणसाला पुन्हा कोण शोधतं? दुसऱ्या केझियाचं कुठला जज ऐकणार?

तेवढ्यात डॉर्कसमावशी पुढे झाली आणि तिनं त्या बाईला मिठी मारली. "अगं केझिया! किती वाळलीस गं!" मग दुसरी आली, तिसरी आली. "केझिया! आलीस का गं बाई!" केझियाला लहानपणापासून ओळखणाऱ्या बायका त्या, एकीचीही जीभ अडखळली नाही.

काठीवाला एनॉककडे वळला. "तू काय म्हणतोस?"

चार वर्षं हे नाव त्यानं फक्त रिकाम्या खोलीत उच्चारलं होतं.

"केझिया," तो म्हणाला. "माझी बायको आहे. चल, घरी चल."

धक्का मागे पडला तशी ती बाई हळूच म्हणाली, "माझं नाव टॅमर. आम्हाला वेगवेगळं विकलं तेव्हा तीच म्हणाली, तुझं कुणी नाही, माझा एक आहे. माझं नाव सांग, तो स्वस्थ बसायचा नाही."

"तिला कुठे नेलं?"

"नदीच्या वरच्या अंगाला. गावाचं नाव कुणी बोललं नाही."

एनॉक म्हणाला, "आणि तिला कुणी जज भेटला तर? ती आता कुणाचं नाव सांगणार?"

"हेच विचारलं होतं मी तिला," टॅमर म्हणाली. "म्हणाली, तेव्हाचं तेव्हा बघू. आधी एकीनं तरी घरी पोचावं."

एनॉक भर रस्त्यात खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.