मिठाचं शेपूट

"वाकली," डॉक्टरबाई म्हणाल्या.

निर्मळमावशींनी चष्मा पुसला आणि पुन्हा खाली वाकून पाहिलं. पोलादी डब्याच्या तोंडावर मिठाची गोल चकती घट्ट बसवली होती, तळहाताएवढी, पाण्यासारखी नितळ. तिच्यात छतावरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडलं होतं. डब्यात हवा भरण्याआधी ते पट्टीने आखलेल्या रेघेसारखं सरळ होतं. आता ते धनुष्यासारखं झालं होतं. म्हणजे चकतीला पोट सुटलं होतं.

"माझ्यासारखं," कारखान्याचे साहेब म्हणाले. कोणी हसलं नाही, मग तेही हसायचे थांबले. "मावशी, वरून निरोप आलाय. पुढची चकतीही अशीच वाकली तर भट्टी बंद. चकत्या बाहेरून विकत घ्यायच्या."

ही चकती म्हणजे एका यंत्राची खिडकी. आत दाबाखाली वायू असतो, आणि त्याची परीक्षा करायला बाहेरून उष्णतेचे किरण सोडतात. साधी काच त्या किरणांना अडवते, मीठ आरपार जाऊ देतं. मीठ म्हणजे आपलं स्वयंपाकघरातलंच. फक्त ते भट्टीत वितळवून इतकं हळूहळू गोठवायचं, की सगळा मिळून एकच मोठा स्फटिक व्हावा. हे काम मावशींचं. त्यांचे केस काळ्याचे पांढरे झाले ते त्या भट्टीसमोरच. मीठ वितळवायची मूस त्या स्वतः धुवायच्या, आणि दुसऱ्या कोणी धुतली तर पुन्हा धुवायच्या. स्फटिकाचा सगळ्यात शेवटी गोठणारा तुकडा, म्हणजे शेपूट, त्या न चुकता कापून टाकायच्या. मिठातली सगळी घाण मागे सरत सरत शेवटी तिथेच गोळा होते. उगाच नाही सगळे त्यांना निर्मळमावशी म्हणत.

"मावशी, मिठात चिमूटभर दुसरं मीठ घालू या," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या औषधं देणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, स्फटिक शिकून आलेल्या होत्या. "स्ट्रॉन्शियम नावाच्या धातूचं."

"म्हणजे भेसळ."

"भेसळच."

"वा. आता एवढंच राहिलं होतं. उद्या दुधात पाणी घालायलाही मलाच बोलवा."

"अहो, तुमचं मीठ फार शुद्ध आहे, म्हणून मऊ आहे." डॉक्टरबाईंनी कागदावर कणांच्या ओळी काढल्या. "या ओळी एकमेकींवरून घसरतात. अडवायला कोणी नाही."

"जन्मभर घाण काढली, ती आता माझ्याच हाताने घालू?"

"तुमच्याच हाताने. मुशीला दुसऱ्या कोणाला हात तरी लावू देता का?"

मावशींनी हातमोजे काढले आणि त्या घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पलंगावरची चादर सारखी करत होत्या. नात मधोमध मांडी घालून बसली होती.

"ठमे, ऊठ. सुरकुती काढायचीय."

"काढ ना. मी कुठे नको म्हणते?"

मावशींनी तळव्याने सुरकुती पुढे सारली. ती सरसर गेली, नातीच्या मांडीपाशी पोचली आणि थांबली. त्यांनी जोर लावला. सुरकुती जागची हलेना. मावशींचा हात तसाच राहिला.

"आजी, काय झालं?"

"थांब, हे बघ." मावशी पलंगावर बसल्या. "अख्खी चादर ओढायची तर केवढा जोर लागतो. पण सुरकुती ढकलत नेली, की चादर एका बोटाने सरकते. मिठातसुद्धा अशीच सुरकुती पळते, या टोकाकडून त्या टोकाकडे. म्हणून ते वाकतं."

"आणि मी?"

"तू स्ट्रॉन्शियम. आगाऊ पाहुणा. येतो एकटाच, पण दोघांची जागा अडवतो. एका जागेवर स्वतः बसतो, आणि दुसरी रिकामी ठेवायला लावतो. त्याच्यापाशी सुरकुती अडकते."

"मग मला उठवूच नकोस," नात म्हणाली.

कारखान्यात शिरल्याबरोबर मावशींनी भट्टीच्या खोलीचं दार अडवणारा ठोकळा उचलला. दार जड होतं, दिवसभर त्याच्यावर आपटायचं, तरी त्याला साधा पोचाही आला नव्हता. ठोकळा म्हणजे एका जुन्या स्फटिकाचं शेपूटच होतं. त्यांनी ते डॉक्टरबाईंसमोर ठेवलं.

"आधी हे दाबून बघा."

डॉक्टरबाईंनी दाबयंत्राखाली पहिल्यांदा शुद्ध मिठाचा तुकडा ठेवला. तो लोण्यासारखा दबला. मग शेपटाचा तेवढाच तुकडा कापून ठेवला. काटा पुढे गेला, आणखी पुढे गेला, तरी तुकडा तसाच.

"दार अडवणाऱ्याने इथेही अडवलंच की," साहेब म्हणाले.

"मावशी, कामाचा माल तुम्ही फेकून देत होतात," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"बोलून घ्या," मावशी म्हणाल्या. "आणि ते स्ट्रॉन्शियम आणा इकडे."

डॉक्टरबाईंनी बाटली दिली. मावशींनी ती उजेडात धरून पाहिली आणि नाक मुरडलं. "हे असलं नाही घालणार. घाण घालायची तर स्वच्छ घालू." दोन दिवस त्यांनी ते मीठ विरघळवून, गाळून, पुन्हा सुकवलं. डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला, पण त्या थांबून राहिल्या. मग मावशींनी मोजून चिमूटभर मुशीत घातलं. जास्त झालं असतं तर पाहुण्यांचे घोळके जमून स्फटिक धुरकट झाला असता. भट्टी उघडली तेव्हा तो नितळ होता.

चकती डब्यावर चढली. डॉक्टरबाई डब्यात हवा भरू लागल्या. दाबाच्या काट्याखाली मागची चकती जिथे वाकली होती ती खूण आली आणि गेली. साहेब श्वास धरून प्रतिबिंबाकडे बघत होते. काटा यंत्राला लागणाऱ्या दाबाच्या लाल रेघेला टेकला. ट्यूबलाइट सरळच्या सरळ.

"आणखी?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"आणखी," मावशी म्हणाल्या.

काटा लाल रेघेच्या पार गेला. चकती तशीच. साहेबांनी सावकाश श्वास सोडला. "भट्टी पेटती ठेवा, मावशी. वर मी सांगतो."

मावशींनी उरलेलं शेपूट स्वच्छ फडक्याने पुसलं आणि फळीवर, आपल्या सगळ्यात शुद्ध स्फटिकाशेजारी ठेवलं. दाराला आता आधार नव्हता. ते धाडकन लागलं. चकतीतली उजेडाची रेघ थरथरली, आणि पुन्हा सरळ झाली.